उतरवणीच्या दिवसाचं चित्र

चित्र थोडं वाईट असतं तर त्या दिवशी काहीच झालं नसतं.

पण शकुनचा हात चांगला होता आणि तिच्या मामाला मिरवायची हौस होती. उत्तमरावांनी ते चित्र काचेच्या चौकटीत बसवून घेतलं, जुन्या धोतरात गुंडाळलं आणि अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या घरापासून पातूरपर्यंत मांडीवर धरून आणलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाच्या हाती दिलं नाही. अकोल्याला मोटारीत बसताना शेजारच्याला दोनदा सांगितलं की काच आहे, जरा सरकून बसा. अमरावतीच्या प्रदर्शनात या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं. भाचीनं काढलेला आपलाच पानवेल आपल्याच माणसांना नागपंचमीच्या दिवशी दाखवावा, ओसरीवर टांगावा, तिच्या आजोबांनी, नत्थुजींनी तो पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. भला माणूस घात करतो तो असाच.

नागपंचमीला पातूरच्या पानमळ्यांत कुणी पान खुडत नाही, विळी धरत नाही, मातीला कुदळ लावत नाही. विड्याच्या पानाचा वेल म्हणजे नागवेल, नागोबाचाच. त्याच्या मळ्याला आपल्याकडे पानतांडा म्हणतात, आणि तांड्यात शिरताना चपला बाहेर काढतात, देवळात शिरावं तशा. त्या दिवशी सगळ्यांचे हात रिकामे असतात, म्हणून तोंडं जास्त चालतात. नत्थुजींच्या अंगणात शेजारपाजारचे तांडेवाले जमले होते. लाह्या-फुटाण्यांच्या परड्या फिरत होत्या. भिंतीवर हळद-चंदनाचे नाग शकुननं सकाळीच काढले होते. ते काम लहानपणापासून तिचंच. भिंतीवर नाग काढणारी पोरगी घराला गुणाची वाटते. तीच पोरगी कागदावर वांगं नाहीतर लोटा काढून परीक्षा पास झाली, की त्याच घराला तिचे पाय घराबाहेर पडल्यासारखे वाटतात.

अमरावतीला मामाच्या घरी राहून शकुनच्या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा झाल्या होत्या. आता ड्रॉइंग टीचरची शेवटची परीक्षा दिवाळीनंतर होती. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला होता की पास झालीस तर जागा तुझी, आमच्याकडे पोरींना चित्रकला शिकवायला बाईमाणूस नाही. लढाईमुळं जाड कागद मिळत नव्हता. उत्तमराव कुठून कुठून आणून देत. बाप गेलेल्या पोरीसाठी मामा करतो तेवढं त्यांनी केलं, आणि महादेवरावांनी, म्हणजे शकुनच्या मोठ्या चुलत्यांनी, लग्न जमेपर्यंत शिकू द्या, असं म्हणून मान फिरवली होती.

आणि आषाढापासून तांडा मरत होता.

वेल मुळाशी काळा पडायचा, बुंध्याला हात लावला की सडका वास यायचा, आणि वरची हिरवीगार पानं चारच दिवसांत फडक्यासारखी लोंबायची. वाफ्यामागून वाफा गेला. नत्थुजींच्या विहिरीचं पाणी पुढं शेजारच्या खुशालरावांच्या तांड्यात जायचं, तिथंही तेच सुरू झालं. वेल कशानं मरतो, हे आमच्या लोकांनी कधी विचारलं नाही. कुणामुळं मरतो, एवढंच ते विचारतात. आणि उत्तर ठरलेलं असतं. कुठल्या तरी बाईनं बाहेर बसायच्या दिवसांत तांड्यात पाऊल टाकलं असणार.

अशा दिवसांत उत्तमरावांनी अंगणात धोतराची गाठ सोडली.

नत्थुजी चित्राजवळ वाकले. ऐंशीला टेकलेला म्हातारा, पण दृष्टी अजून पानावरची किडीची अंडी टिपणारी. आधी ते गमतीनं हसले, की कागदावर पान काढलं तर ते खाता येते का. मग हसू थांबलं. ते चित्र वेलाचं होतं, पण कुठल्याही वेलाचं नव्हतं. वेलाला आधार दिलेल्या पांगऱ्याच्या खोडावर कुऱ्हाडीचा जुना घाव होता, तोसुद्धा तिनं काढला होता. वेल बांधायच्या लव्हाळ्याच्या गाठी नत्थुजींच्या घरी घालतात तशा डाव्या बाजूनं घातलेल्या होत्या.

"हा तर आपला पांगरा," म्हातारा म्हणाला. "विहिरीकडचा. हा घाव किसनानं घातला होता, लहानपणी. मी त्याले मारलं होतं."

किसन म्हणजे शकुनचा बाप, त्यांचा धाकटा मुलगा, प्लेगात गेलेला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणातले लोक जवळ सरकले. खुशालराव म्हणाले, पोरीनं कमाल केली. नत्थुजींना आता राहवेना. ते बोटानं काचेवर दाखवू लागले. हे पाहा वेलाचं खालचं अंग. वर्षभर चढलेला वेल आपण फाल्गुनात उतरवतो, निबर झालेला बुंधा मातीत वेटोळा करून गाडतो, आणि शेंडा पुन्हा वर बांधतो. हे पाहा वेटोळं. मातीवर उघडं पडलेलं.

"अजून माती पडली नाही त्याच्यावर," ते कौतुकानं म्हणाले. "म्हंजे उतरवणीची सकाळ आहे. दुपारून आपण झाकून टाकतो. उघडं वेटोळं दुसऱ्या दिवशी पाहाले भेटत नाही कोणाले."

ओसरीवर बसलेल्या महादेवरावांच्या हातातली लाह्यांची मूठ तशीच राहिली.

त्यांना तो दिवस आठवला. शकुन होळीसाठी आली होती आणि नेमकी उतरवणीच्या दिवशी बाहेर बसली होती, गोठ्यामागच्या खोलीत. त्या दिवशी बाया कमी पडत होत्या. ते स्वतः तांड्याच्या कुडाशी उभं राहून ओरडले होते, की अमरावतीचे दोन हात आले तेबी बसून खाऊन राहिले. आणि हे चित्र त्याच दिवसाचं. त्याच सकाळचं. वेलापासून हातभर अंतरावर बसून काढलेलं.

ते उठले. अंगणातल्या लोकांना म्हणाले, तुमी बसा, लाह्या घ्या. घरातल्यांना त्यांनी डोळ्यांनीच माजघरात नेलं आणि दार लोटलं. चौकट कुणी उचलली नाही. ती अंगणातच खुशालरावांच्या पुढ्यात राहिली.

माजघरात सहा माणसं होती. नत्थुजी धान्याच्या कणगीला टेकून बसले. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं, ते अजून किसनच्याच आठवणीत होते. महादेवरावांनी आधी बायकोला विचारलं. मैनाबाई घरातली थोरली, कोण कधी बाहेर बसली याचा हिशेब तिच्याजवळ. उतरवणीच्या दिवशी शकुन बाहेर होती का?

मैनाबाई म्हणाली, आठवत नाही.

"मले आठवते," महादेवराव म्हणाले.

उत्तमरावांना तेव्हा उमगलं. सगळं एकदम त्यांच्या डोक्यात आलं. आपण काय मांडीवर घेऊन आलो ते. पण माणूस बाजारातला होता. राजापेठेत पानाच्या करंड्यांचा लिलाव ते रोज पुकारत होते. पडता माल सावरायची त्यांना सवय. ते हसून म्हणाले की अहो, या परीक्षेत आठवणीतून काढायचाबी एक पेपर असतो. वस्तू समोर नसते. डोकं चालवून काढायची. पोरीनं लहानपणापासून उतरवणी पाहिली आहे, तसंच काढलं असेल. आणि ते भाचीकडे वळले. त्यांच्या आवाजात विनवणी होती, ती सगळ्यांना ऐकू आली.

"सांग बाई त्यायले. आठवणीतून काढलं न तू?"

शकुनसमोर सुटायची वाट उघडी होती. एक हो म्हटलं असतं की ती बाहेर पडली असती. तिनं आईकडे पाहिलं. पार्बताबाई दाराआड उभी होती, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, ती अशीच उभी राहायची. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर जावेच्या मार्फत सांगायची. विधवा झाल्यावर तेही कमी झालं. आईनं पदराआडून मान हलवली की नाही, हे शकुनला दिसलं नाही.

"नाही मामा," ती म्हणाली. "आठवणीतलं असं येत नाही. मी पाहून काढलं. मी गेली होती तांड्यात."

नत्थुजींनी कणगीला टेकलेली पाठ सरळ केली. महादेवरावांना खरं काय आहे ते आधीच माहीत होतं, तरी ते खाली बसले. माहीत असणं वेगळं आणि पोरीच्या तोंडून ऐकणं वेगळं.

पण खरा बदल उत्तमरावांत झाला. एवढा वेळ ते भाचीच्या शेजारी उभे होते. आता ते दोन पावलं सरकून नत्थुजींच्या बाजूला गेले. त्यांनी काही ठरवून केलं नाही. त्यांचं घर पानावर चालत होतं. आजोबांपासून चालत होतं. ज्या पोरीनं पानाला असं केलं ती आपल्या घरी राहिली, आपल्या करंड्यांत हात घालून आपल्याला मदत करत होती, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी नकळत तळहात धोतराला पुसले. शकुननं ते पाहिलं. ज्या माणसानं तिला पहिली पेन्सिल आणून दिली होती, त्यानं हात पुसले.

"काहून गेली?" नत्थुजी विचारत होते. रागानं नाही. त्यांना खरंच समजत नव्हतं.

शकुन म्हणाली, उघडं वेटोळं एकच दिवस असते आबाजी. दुपारून माती पडते. पुढच्या वर्षी माझी परीक्षा होऊन गेली असती.

महादेवरावांनी मग निकाल सांगितला. ज्याच्या हातून विटाळ झाला त्याचं नाव आज नागोबासमोर घेतलं जाईल. ते घ्यावंच लागेल, कारण बाहेर खुशालराव बसला आहे, चित्र त्याच्यासमोर आहे, आणि उघड्या वेटोळ्याचा अर्थ त्याला म्हाताऱ्यानंच समजावून सांगितला आहे. त्याच्या बायकोला कुणीतरी विचारलं की शकुन त्या दिवशी कुठं होती, की संपलं. तर नाव शकुनचं. तिनं वेल हातात धरून शपथ घ्यायची की पुन्हा पेन्सिल धरणार नाही. अमरावती बंद. परीक्षा बंद. वाशिमकडचं स्थळ पाहून ठेवलं आहे, मार्गशीर्षात उरकून टाकू. तेव्हा तरी ती गावात राहू शकेल. शपथ घेतली नाही, तर ज्याचं नाव घेतलं त्यानं शिवेच्या आत पुन्हा पाय ठेवायचा नाही. हा आपला आजवरचा रिवाज.

त्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव म्हणाले, तुमी म्हणाल ते.

एवढं सगळं मामाच्या तोंडच्या तीन शब्दांत मिटलं. माणसं अशीच मिटवतात.

"मीबी गेली होती."

हे कोण बोललं, ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. तो आवाज त्या घरात पुरुषांसमोर कधी निघाला नव्हता. पार्बताबाईनं पदर वर केला नाही. पण तोंड भासऱ्याकडे होतं.

"त्याच दिवशी नाही. पण मी गेली आहे. आषाढात गेली. चैत्रात गेली. मागच्या सालीबी गेली. दर महिन्याले जातो मी, भाऊजी."

महादेवराव तिच्याशी बोलले नाहीत. ते उत्तमरावांना म्हणाले, तुमच्या बहिणीले समजवा, पोरीले वाचवाले ती भलतं बोलून राहिली. उत्तमरावांनी खरोखरच समजवायला तोंड उघडलं.

मैनाबाई तोवर कणगीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिला गप्प राहता आलं असतं. तिचं वय आता त्या सगळ्याच्या पलीकडे गेलं होतं, तिच्यावर कुणी बोट ठेवणार नव्हतं. घर तिच्या हातात होतं. धाकटी जाऊ खोटी ठरली असती, पोरगी वाशिमला गेली असती, आणि संध्याकाळी दिवा लागला असता. तिनं जावेकडे पाहिलं. इतकी वर्षं या बाईचे निरोप तिनं नवऱ्याला पोचवले होते. मीठ संपलं. डोकं दुखते. आज ती बाई स्वतः बोलत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

"ते भलतं नाही," मैनाबाई म्हणाली. "मीबी जात होती. आमाले आत्याबाईनं शिकवलं."

आत्याबाई म्हणजे गोदाबाई. नत्थुजींची बायको. मळ्याच्या वाटेवर, ती गेल्यावर बांधलेला, तिच्या नावाचा ओटा होता.

मग मैनाबाई थांबली नाही. आवाज चढवला नाही, स्वयंपाकाचं सांगावं तसं तिनं सांगितलं. लग्न होऊन पहिल्या वर्षी सासूनं तिला विहिरीवर नेलं आणि सांगितलं, की पोरी, नेम पाळायचा तो लग्न होईपर्यंत. लग्नाआधीच्या पोरी बाहेर बसतात, ते पुरुषाच्या डोळ्याला दिसते, तेवढं बस आहे. आपण बसलो तर पान खुडेल कोण? वेल बांधेल कोण? पान थांबत नाही, चार दिवसांत पिवळं पडते. ज्वारीच्या बाजूनं आत जायचं, अंग धुऊन जायचं, आणि कुणाला सांगायचं नाही. एकीनं तोंड उघडलं तर सगळ्या मरू.

"तुमी म्हणत होते, आणखी दोन हात आणा, दोन हात आणा," ती नवऱ्याला म्हणाली. "ते हात कुठून येत होते? वर्षाचे बारा महिने तांड्यात बाया पुऱ्या पडतात, हे तुमाले कधी नवल नाही वाटलं?"

मग ती शकुनकडे वळली. "तुले मी पाह्यलं होतं त्या दिवशी. तू पांगऱ्यापाशी बसली होती. मी टोपली बाजूले घेतली, तुले वेटोळं दिसावं म्हून."

गोठ्यामागच्या खोलीतून शकुन त्या दिवशी चोरासारखी बाहेर पडली होती, पाठीला घाम, हातात कागद लावलेली पाटी. आषाढापासून तिला वाटत होतं की वेल आपणच मारले. परीक्षेचा अभ्यास करताना, रात्री झोपताना, मामाच्या घरी पान पुसताना. आणि टोपली मोठ्या आईनं बाजूला घेतली होती.

नत्थुजी मात्र कुणाकडे पाहत नव्हते. ते तांड्यातल्या गोदाबाईला आठवत होते. ती नेहमी असायचीच. ती नव्हती असा एक दिवस त्यांना आठवेना. लव्हाळं दातात धरून वेल बांधायची. त्यांच्या तांड्याचं पान अकोल्याच्या बाजारात सगळ्यांत आधी उचललं जायचं. लोक म्हणायचे, नत्थुजीच्या घरी नेम कडक आहे म्हणून नागोबा देतो. ते स्वतःही म्हणायचे. नातेवाइकांना सांगायचे, पोरांना सांगायचे, दुसऱ्याच्या सुनेला कुडाबाहेर उभी करायचे.

"मग वेल काहून नाही मेले?" म्हाताऱ्यानं विचारलं. "इतकी वर्षं. गोदा होती तवा काहून नाही मेले?"

इतका साधा प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. विहिरीकडच्या वाफ्यात या साली पाणी तुंबून राहत होतं, चर कुणी काढला नव्हता, हे प्रत्येकाला रोज दिसत होतं. पण दिसणं आणि बोलणं यात आमच्याकडे फार मोठं अंतर असतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. खुशालराव बाहेरून विचारत होते, नत्थुजी, काय झालं, पूजा अडली आहे. त्यांच्या आवाजात शंका होती, पण त्यापेक्षा जास्त त्यात एक प्रकारची घाई होती. त्यांना कुणाचं तरी नाव पाहिजे होतं. त्यांचेही वाफे गेले होते.

आलो, महादेवराव म्हणाले. आणि हलक्या आवाजात घरातल्यांना म्हणाले, की हे बाहेर गेलं नाही पाहिजे. हे बाहेर गेलं तर पातूरचं पान देवाला कोण वाहील? लग्नात कोण घेईल? आपल्या घरचं तर कुणी हातात धरणार नाही. उत्तमरावांनी लगेच मान हलवली. नाव शकुनचंच घ्यायचं. ते काही खोटं नाही.

आता हे समजून घ्या. खरं त्यांना कळलं होतं. कुणी फसवलं नव्हतं, आता कुणी लपवत नव्हतं, तीन बायांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि खरं कळल्यावरही त्यांनी तेच केलं, जे न कळता करणार होते.

नत्थुजी भिंतीला धरून उठले. "थांब महादेव," ते म्हणाले. "गोदाचं नाव घे."

महादेवराव बापाकडे वळले.

"तिनं सुरू केलं. ती मेली आहे. मेलेल्याले शिवेबाहेर काढता येत नाही. तिचं नाव घे आणि पोरीले सोड."

"ती माझी माय आहे," महादेवराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "माझ्या मायचं नाव मी या लोकायसमोर घेऊ?"

त्यांना विचार करायलाही वेळ लागला नाही. मेलेली आई एका बाजूला आणि जिवंत पुतणी दुसऱ्या बाजूला. शकुननं ते पाहिलं आणि तिच्या आत काहीतरी थंड झालं. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी व्हायची तशी ती शांत झाली. आता जे समोर होतं ते तिला नीट दिसत होतं. कोण कुठं उभा आहे, कुणाची सावली कुणावर पडते.

"माझं नाव घ्या मोठेबाबा," ती म्हणाली. "पण मी शपथ घेत नाही. मी आजच्या मोटारीनं मामासोबत जातो. परीक्षा देतो आणि अकोल्याच्या शाळेत लागतो. वाशिमवाल्यायले नाही म्हून सांगा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी अंगणात बोलतो. सगळ्यायचं."

उत्तमराव म्हणाले, अगं, तुले परत येता नाही येणार. तुझी माय इथंच आहे. हे बोलताना त्यांचे डोळे भरले, पण हात पुसलेला माणूस होता तो, आणि दोघांनाही ते माहीत होतं. शकुन म्हणाली, मले माहीत आहे मामा. तुमच्या घरी मी राहणार नाही. बाईंच्या शाळेत पोरींची खोली आहे. फक्त गाडीत सोबत चला, एकटी पोरगी पाहून लोक विचारतात.

उत्तमरावांना अपमान झाल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखंही.

महादेवराव दाराशी गेले. कडीला हात लावला आणि तिथंच थांबले. नाव घ्यायचं म्हणजे बापाच्या नावासकट घ्यायचं. शकुन किसनराव. धाकट्या भावाचं नाव त्यांनी तो गेल्यापासून मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

पार्बताबाई दाराआडून पुढं आली. तिनं पदर मागं सारला. तिचं तोंड महादेवरावांनी लग्नाच्या मांडवानंतर पहिल्यांदा पाहिलं. रडलेलं नव्हतं. रागानं काळं पडलं होतं.

"घ्या नाव, भाऊजी," ती म्हणाली. "मोटार जाईन तिची."

दार उघडलं. महादेवरावांनी ओसरीवर उभं राहून नाव घेतलं. आवाज पहिल्या शब्दाला लागला, दुसऱ्याला अडकला, पण नाव पुरं झालं. अंगणातले पुरुष उठून उभे राहिले. खुशालरावांनी चौकट पालथी घातली आणि पायानं लांब सरकवली. कुणी म्हणालं, शिकायला पाठवता, मग हेच होते. कुणी शहराला शिव्या दिल्या, कुणी शाळेला. सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. पूजा सुरू करा, असंही कुणी म्हणालं.

शकुन पेटी घेऊन बाहेर आली. आईनं तिला दारापर्यंतही पोचवलं नाही. माजघरातच तिचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि वळून चुलीपुढं बसली. मागं फिरून पाहायला काही ठेवलं नाही.

पुरुषांनी वाट सोडली, अंगाला अंग लागू नये एवढी. उत्तमराव खाली मान घालून पुढं चालले. अंगणापलीकडे विहिरीच्या बाजूला बाया बसल्या होत्या, साऱ्या तांड्यांच्या, सुना-सासवा. शकुनला वाटलं, आता बोटं मोडतील, आता थुंकतील. त्यांना जवळून ओलांडावं लागणार होतं.

कुणी थुंकलं नाही. कुणी वर पाहिलं नाही. इतक्या बाया आणि एकही आवाज नाही. परड्यांतल्या लाह्या तशाच होत्या.

खुशालरावांची बायको सुभद्रा शेवटी बसली होती. तिचा निम्मा तांडा गेला होता. तिचा नवरा अजून अंगणात ओरडत होता. शकुन जवळून जाताना तिनं पेटीची कड धरली. जिचं नाव घेतलं तिच्या वस्तूला हात लावायचा नसतो.

"आमच्या कौशल्येले पुढच्या साली अकोल्याले टाकून राहिलो, तिच्या मावशीकडे," सुभद्रा खालीच पाहत बोलली. ओठ हलले न हलले. "तिचा हातबी चांगला आहे. शिकवशीन?"

शकुनचे पाय थांबले. तिनं त्या खाली घातलेल्या माना पाहिल्या, एकीपासून दुसरीपर्यंत, विहिरीच्या कठड्यापासून कुडापर्यंत. माजघरात जे कळलं त्यानं ती हादरली नव्हती. ती इथं हादरली.

"काकू," तिनं विचारलं, "तुमीबी?"

सुभद्रानं पेटी सोडली. डोक्यावरचा पदर सारखा केला, परडी उचलली आणि पुरुषांना लाह्या वाढायला अंगणात गेली.